चियाव लानचं पाणी

चियाव लान हा तलाव माझ्याहून धाकटा आहे. मी भुसावळला दहावीच्या अभ्यासात बुडालेली होते, त्या सुमाराला दक्षिण थायलंडातल्या या खोऱ्यात पाणी चढत होतं. ख्लोंग सेंग नदीवर १९८२ साली धरण बांधायला घेतलं, १९८७ साली ते पुरं झालं, राजा भूमिबोल यांनी त्याला राच्चाप्रफा असं नाव दिलं आणि १६५ चौरस किलोमीटरांचा मुलूख पाण्याखाली गेला. हे अगदी आरंभीच सांगायला हवं, कारण एकदा का होडी त्या कड्यांच्या मधून आत शिरली की ते खरं वाटेनासं होतं. पाण्यातून ताठ उभे राहिलेले करडे सुळके, त्यांच्या खांद्याखांद्यांवर चिकटलेलं रान, खाली पाचूच्या रंगाचं निवांत पाणी. सृष्टीच्या आरंभापासून हे असंच असणार, असं मन बजावत राहतं. बरोबरच्या एका जर्मन मुलाने होडीवाल्याला विचारलंसुद्धा, की हा तलाव किती हजार वर्षांचा? होडीवाला म्हणाला, "मी तेव्हा चौथीत होतो."

आम्ही दोघी बहिणी रेल्वेने सुरत थानीला उतरलो होतो. स्टेशन गावापासून जरा लांब, फुनफिनला आहे, आणि त्याच्या अंगालाच नदी वाहते. तिचं नाव तापी. हा योगायोग नाही. राजा वजिरावुध यांनी १९१५ साली या गावाला आपल्याकडच्या सुरतेचं नाव दिलं आणि मग सुरतेजवळून वाहणाऱ्या नदीचंही नाव इथल्या नदीला दिलं. ज्या तापीच्या काठी आम्ही लहानाच्या मोठ्या झालो, जिच्या पुलावरून जाताना आई डब्याच्या खिडकीतून नाणं टाकायची आणि हात जोडायची, तिचं नाव समुद्रापलीकडच्या एका स्टेशनाबाहेर फलकावर लिहिलेलं होतं. ताईने पुलाच्या कठड्याशी उभं राहून पर्समधून एक नाणं काढलं. मी काही बोलले नाही. आणि चियाव लानचं पाणीसुद्धा शेवटी याच नदीला येऊन मिळतं. धरणातून सुटलेलं पाणी फुम दुआंग नदीत जातं आणि फुम दुआंग इथे फुनफिनपाशी तापीत शिरते. म्हणजे आम्ही पाण्याच्या उलट अंगाने, उगमाकडे निघालो होतो.

धरणाच्या धक्क्यावरून लांब शेपटीच्या होड्या सुटतात. होडी अरुंद, लाकडाची, नाळ उंच उचललेली. नाळेला रंगीत कापडाच्या पट्ट्या आणि फुलांचे हार गुंडाळलेले असतात. होडीत वास करणाऱ्या देवीचा, माए या नांगचा, तो मान. त्या ठिकाणी पाय ठेवायचा नाही, हे होडीवाल्याने पहिल्यांदा सांगितलं. मागच्या टोकाला मोटारीचं उघडं इंजिन एका खुंट्यावर तोललेलं असतं आणि त्यातून माणसाच्या दुप्पट उंचीचा लोखंडी दांडा पाण्यात गेलेला असतो. त्याच्या शेवटी पंखा. होडीवाला एका हाताने ते सगळं धूड वळवतो, दाबतो, उचलतो. मी बराच वेळ त्याच्या मनगटाकडेच पाहत होते. मधेच, दिसायला स्वच्छ असलेल्या पाण्यातसुद्धा, तो दांडा अलगद वर उचलायचा. पंखा हवेत भिरभिरायचा, होडी नुसत्या वेगावर पुढे सरकायची, आणि मग तो पुन्हा खाली सोडायचा.

"खाली झाडं आहेत," तो म्हणाला.

ती आहेत, आणि पुष्कळ आहेत. काठाकाठाने त्यांचे शेंडे पाण्याबाहेर आलेले दिसतात: पानं नसलेले, सालं नसलेले, पांढुरके सोट. खोरं भरलं तेव्हा सगळं रान तोडून झालेलं होतं असं नाही. जे उभं होतं ते उभ्यानेच बुडालं. खोल पाण्यातलं लाकूड लवकर कुजत नाही. जवळजवळ चाळीस वर्षं होत आली, तरी ती झाडं आपापल्या जागी आहेत आणि होडीवाला त्यांना जागेवरून ओळखतो. आपला रोजचा रस्ता जसा पायांना पाठ होतो, तसं त्याच्या मनगटाला ते बुडालेलं रान पाठ आहे.

ते कडे चुनखडीचे. आम्ही सह्याद्रीची माणसं. आमचा दगड काळा, आगीतून आलेला, थरांवर थर चढलेला, साडेसहा कोटी वर्षांचा. इथला दगड २५ कोटी वर्षांहून जुना आणि तो समुद्रात तयार झालेला. शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव मरून तळाशी साठत गेले, त्यांचा दगड झाला, तो दगड भूगर्भाच्या रेट्याने वर उचलला गेला आणि मग पावसाने तो कोरायला घेतला. इथला पाऊस म्हणजे आपल्या कोकणासारखाच, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांच्या घरातला. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं, किंचित आंबट होतं, आणि त्या आंबटपणापुढे चुनखडी टिकत नाही. अशा रीतीने हे सुळके उरलेत. जे पाण्यात विरघळलं नाही ते उभं आहे. तीन सुळके एका ठिकाणी अगदी जवळ जवळ पाण्यातून निघालेत. सगळ्या होड्या तिथे थांबतात, सगळे फोटो काढतात. आम्हीही काढले. सुंदरच आहेत ते.

तराफ्यांवरच्या घरांत आमचा मुक्काम होता. बांबूच्या झोपड्यांची एक लांब ओळ, खाली पिंपं आणि ओंडके, मधून फळ्यांची पायवाट. चाललं की पायाखालची फळी दबते आणि शेजारच्या झोपडीतल्या माणसाला कळतं की कुणीतरी चाललंय. झोपडीत एक गादी, एक मच्छरदाणी आणि पाण्याकडे उघडणारं दार. दारातून पाऊल टाकलं की तलाव. ताईला साठी उलटल्यावर पोहताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ती लहानपणी नदीत शिकलेली. सासरी गेल्यावर सुटलं ते सुटलं. तिने साडीऐवजी मुलीचा सलवार कुडता घातला होता, तो पाण्यात फुगून तिच्याभोवती पसरला होता, आणि ती पाठीवर पडून सुळक्यांकडे बघत होती. वरचं पाणी कोमट होतं, पाय खाली सोडले की गार लागायचं. "खाली किती खोल असेल गं?" तिने विचारलं. मला आकडा माहीत नव्हता, एवढं ठाऊक होतं की धरणाची भिंत ९४ मीटर उंच आहे. मी ते सांगितल्यावर ती काठाला आली.

जेवायला भात, आख्खा तळलेला मासा, नारळाच्या दुधातला रस्सा आणि वर अननसाच्या फोडी. रात्री जनरेटर ठरल्या वेळी बंद झाला. ज्या तलावाच्या तोंडाशी २४० मेगावॉट वीज तयार होते, त्या तलावावर वीज पोचत नाही. तारा इथून बाहेर जातात. आत कुणी आणलेल्या नाहीत. एका परीने ते बरंच, कारण दिवे गेल्यावर आकाश इतकं खाली आलं की ताई उठून बसली.

त्या अंधारात होडीवाल्याने आम्हाला स्युब नाखासथियन यांची गोष्ट सांगितली. थायलंडात हे नाव शाळकरी पोरांनाही माहीत असतं. ते वनखात्यातले अधिकारी. पाणी चढायला लागलं, डोंगरांची बेटं झाली आणि त्या बेटांवर जनावरं अडकली, तेव्हा त्यांना सोडवायचं काम स्युब यांच्याकडे आलं. माकडं, भेकरं, साप, खवले मांजरं, जे हाताला लागेल ते. हाताशी माणसं थोडी, होड्या थोड्या, पैसा थोडा. अर्धवट बुडालेल्या झाडांवर चढून, पाण्यात उडी मारून त्यांनी १,३६४ प्राणी बाहेर काढले. त्यांतले पुष्कळ पुढे जगले नाहीत. भेदरलेलं, उपाशी जनावर दुसऱ्या रानात सोडलं म्हणून ते जगतंच असं नाही. स्युब यांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि ते बदलून गेले. एवढा आटापिटा करूनही खोरं वाचवता येत नाही, हे कळलेला माणूस पुढे थायलंडच्या पश्चिमेला थुंग याइच्या रानात होऊ घातलेल्या नाम चोन धरणाविरुद्ध उभा राहिला. सरकारी नोकर असून उघडपणे बोलला. १९८८ साली ते धरण बाजूला ठेवलं गेलं. त्यानंतर ते हुआइ खा खेंग अभयारण्याचे प्रमुख झाले. शिकारी, लाकूडचोर, मारले जाणारे रखवालदार आणि वरून कुणाचीच साथ नाही. १ सप्टेंबर १९९० च्या पहाटे त्यांनी तिथेच आपलं आयुष्य संपवलं. पुढच्या वर्षी त्या रानाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यासाठीचा मसुदा त्यांनीच लिहायला घेतलेला होता.

"माझ्या बापाने त्यांना पाहिलं होतं," होडीवाला म्हणाला. "बारीक माणूस. चष्मा लावायचे." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ताईने विचारलं, "आणि तुमचं गाव?" त्याने अंधारात हात केला. हात जिकडे गेला तिकडे नुसतं पाणी होतं.

पहाटे गिबन वानर ओरडले. हा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगणं अवघड. आधी एक लांब, चढत जाणारी शीळ, मग तिच्यावर दुसरी, मग दोन्ही एकमेकींत गुंतून इतक्या वर जातात की अंगावर काटा येतो. गिबनाची जोडी मिळून गाते. मादीची तान मोठी असते, नर मधेमधे जागा भरतो. ही आमची हद्द, आम्ही दोघं इथे आहोत, एवढंच ते रोज सकाळी रानाला कळवतात. धुकं पाण्यावर टेकलेलं होतं आणि तो आवाज कुठल्या कड्यावरून येतोय हे समजत नव्हतं. धनेशाची एक जोडी पंखांचा फरफर आवाज करत वरून गेली. आपल्याकडे कोकणातल्या देवराईत हाच आवाज मी ऐकलेला आहे. मान वर न करता ओळखता आला.

तो सगळा गलका मोठ्या रानातून, तलावाच्या काठच्या अखंड डोंगरांवरून येत होता. तलावातली लहान बेटं गप्प होती. त्या गप्पपणाचं कारण मला नंतर वाचायला मिळालं. याच तलावातल्या बेटांवर शास्त्रज्ञांनी दोनदा फिरून छोट्या सस्तन प्राण्यांची मोजदाद केली: पाणी भरल्यावर पाच ते सात वर्षांनी एकदा आणि पंचवीस वर्षांनी पुन्हा. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ती छापून आली. दहा हेक्टरांहून लहान बेटांवरचे मूळचे छोटे प्राणी पाच वर्षांतच जवळजवळ संपले होते. दहा ते छप्पन्न हेक्टरांच्या बेटांवरचे पंचवीस वर्षांत संपले. त्यांच्या जागी बाहेरून आलेला एक उंदीर माजला होता. बेटावरची झाडं हिरवीगार होती, वेली होत्या, फुलं येत होती. होडीतून पाहणाऱ्याला काही उणं दिसलं नसतं. मला आदल्या संध्याकाळी दिसलं नव्हतं, आणि एका बेटाला वळसा घालताना मी ताईला म्हटलं होतं, किती गच्च रान आहे बघ.

गुहेकडे सकाळी निघालो. तिचं नाव नाम थालू. एक ओढा डोंगराच्या या अंगाने आत शिरतो आणि त्या अंगाने बाहेर पडतो, आणि त्याच्याच वाटेने माणसाने जायचं. फेब्रुवारी होता म्हणून जाता आलं. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये आत पर्यटक असताना डोंगरावर पाऊस कोसळला, ओढ्याला लोंढा आला आणि पर्यटकांसह त्यांचे वाटाडेही बुडून मेले. तेव्हापासून पावसाळ्यात गुहा बंद असते. आमच्या वाटाड्याने तोंडाशी उभं राहून डोकं मागे टाकून आभाळ नीट पाहिलं. स्वच्छ होतं. तरी त्याने ओढ्यात हात घालून पाणी ओंजळीत घेतलं आणि ते गढूळ आहे का ते पाहिलं. त्याच्या त्या सावकाशपणाचा मला फार आधार वाटला.

या डोंगरांतल्या गुहांनी माणसंही सांभाळली आहेत. १९७६ च्या ऑक्टोबरात बँकॉकच्या थाम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांचं हत्याकांड झालं, त्यानंतर कित्येक मुलं शहर सोडून रानात कम्युनिस्ट बंडखोरांना जाऊन मिळाली. खाओ सोकचं हे रान त्यांच्यापैकी काहींचं घर होतं. त्यांच्या धाकाने लाकूडतोडे, खाणवाले, शिकारी कुणी आत आलं नाही. आज हे रान एवढं राखलेलं दिसतं त्यात त्या पोरांचाही वाटा आहे.

भुसावळच्या माणसाला गुहा म्हटलं की अजिंठा आठवतो. छिन्नीचे घाव अजून दिसणारी भिंत, मोजून कोरलेले खांब, कुणीतरी मनात आधी पाहिलेली आणि मग दगडातून काढलेली जागा. नाम थालूत मनात कुणी काही पाहिलेलं नाही. आत गेल्यावर पहिल्यांदा नाकाला वटवाघळांच्या शिटेचा उग्र वास लागला, मग पाणी घोट्याशी, गुडघ्याशी, कमरेशी आलं. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात तळहाताएवढा कोळी भिंतीला सपाट बसलेला. छतातून ठिबकणारं पाणी जिथे शतकानुशतकं पडत आलं तिथे मेणासारखे घडीघडीचे पडदे लोंबत होते. मी भिंतीवर हात ठेवला तर ती खडबडीत नव्हती. तिच्यावर शिंपल्याएवढ्या उथळ खळग्यांची जाळी होती, एकाला लागून एक. बोटांनी चाचपलं की कळतं, प्रत्येक खळग्याची एक बाजू उभी आणि दुसरी उतरती. उभी बाजू जिकडून पाणी येतं तिकडे असते. पाणी जितकं वेगाने वाहिलं असेल तितका खळगा लहान. म्हणजे इथे मिट्ट अंधारातसुद्धा, नुसत्या बोटांनी, ओढा कुठून कुठे गेला आणि किती जोरात गेला हे वाचता येतं. छिन्नी नसली तरी तिचे घाव होते, आणि ते घालणारं पाणी माझ्या कमरेभोवतून अजून वाहत होतं.

पुढे वाट चिंचोळी झाली आणि पाणी छातीच्या वर आलं. थोडं अंतर पोहावं लागलं. ताई माझ्यापुढे होती. एका वळणावर वाटाड्याने थांबून दिवा वर केला. आमच्या डोक्यावर, हात उंच केला तरी न पोचणाऱ्या एका फटीत, काटक्या, वाळलेली पानं आणि बांबूचा एक तुकडा घट्ट रुतून बसला होता. "पाऊस," एवढंच तो म्हणाला. मी त्या काटक्यांकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि मधलं सगळं अंतर मला एकदम कळलं. बाहेर उजेडात आलो तेव्हा ताईचे दात वाजत होते आणि चेहरा असा फुलला होता की मला आमचा नदीकाठ आठवला.

परत धक्क्यावर आलो तर आमची व्हॅन आलेली नव्हती. होडीवाला सावलीत बसून डब्यातला भात खात होता. त्याने आम्हालाही बसायला सांगितलं. तो आम्हा दोघींना ‘पी’ म्हणायचा, वडीलधाऱ्यांना तिथे तसंच म्हणतात. ताईने मला कोपराने ढोसलं. "विचार त्याला, जमीन मिळाली का त्यांना."

ताईच्या सासूबाईंचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. जावळीच्या खोऱ्यातली ती माणसं शिवसागर जलाशय भरला तेव्हा कुठे कुठे विखुरली: ठाणं, रायगड, सांगली, सोलापूर. कोयनेच्या धरणग्रस्तांतल्या कितीकांना हक्काच्या जमिनीसाठी अजून मोर्चे काढावे लागतात. आपल्या कारखान्यांना, गावांना, माझ्या माहेरच्या घरालाही त्या धरणाची वीज मिळाली असेल. ताईच्या घरात हे कुणी मोठ्याने बोलत नाही, पण मे महिन्यात उजनी धरणाच्या पाण्यातून पळसदेवचं देऊळ वर आल्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला, की सासूबाई तो कापून ठेवतात.

मी विचारलं. मिळाली, तो म्हणाला. इथल्या ३८५ कुटुंबांना हलवलं होतं, त्यांना घराला जागा आणि शेतीला तुकडा दिला. पण त्यात रबराची रोपं लावलेली, आणि रबराच्या झाडाला चीक धरायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर बापाने धरणावरच मजुरी केली. आता आई रबराचं काम बघते. पहाटेच्या अंधारात कपाळाला दिवा बांधून झाडाला चीर द्यायची, उजाडायच्या आत. "तुमच्याकडे?" त्याने ताईला विचारलं.

"सांग त्याला," ताई म्हणाली, "सासूबाईंच्या भावाचं नाव सातबाऱ्यावर चढलं, तेव्हा त्यांचे वडील हयात नव्हते."

सातबारा म्हणजे जमिनीचा कागद, एवढं मी सांगू शकले. त्याला समजलं. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "झाडं कुठली होती त्यांची?"

ताईने बोटांवर मोजत सांगितलं: आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, परसात दोन माड नव्हे, माड तिथे होत नाहीत, पण सुपारी एक होती. फणस त्याला कळला, त्यांच्याकडेही होता. मग तो त्यांची सांगू लागला. घरामागे दुरियन, विहिरीपाशी मँगोस्टीन, ओढ्याच्या अंगाला उग्र वासाच्या शेंगांचं एक उंच झाड, त्याच्यावर चढायला फक्त मोठ्या काकाला जमायचं. व्हॅनवाल्याने तेवढ्यात येऊन हॉर्न दिला, आमच्या बॅगा उचलल्या आणि घाई करायला लागला. मी उठले.

"थांब गं," ताई म्हणाली. "त्याचं सांगून होऊ दे."